घरगुती गारवा: निगा आणि नूतनीकरण

घरातील उष्णतेचे नियमन करणाऱ्या यंत्रांचा विचार करताना प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की, महाराष्ट्रातील सर्वसामान्य घरात खोली तापवण्याची कोणतीही व्यवस्था नसते. येथे तापवले जाते ते आंघोळीचे पाणी आणि गार केली जाते ती खोली. युरोपातील थंड प्रदेशांत बॉयलरमधील गरम पाणी भिंतीलगतच्या नळ्यांतून घरभर खेळवण्याची जी पद्धत आहे, तिच्या जागी या प्रांतात स्वेटर, मफलर, गोधडी आणि ‘यंदा थंडी फारशी पडलीच नाही’ हे विधान, एवढ्या चार साधनांवर संपूर्ण हिवाळा निभावून नेला जातो. त्यामुळे प्रस्तुत विवेचनाची व्याप्ती बंब, गीझर, कूलर आणि एसी या चार यंत्रांपुरती आणि त्यांच्याभोवती वावरणाऱ्या कुटुंबापुरती मर्यादित राहते.

देखभाल म्हणजे चालू असलेले यंत्र चालूच राहावे म्हणून नियमितपणे केलेली कृती, अशी व्याख्या अभियांत्रिकीत रूढ आहे. घरगुती व्यवहारात मात्र यंत्र बंद पडल्यानंतर आणि दुरुस्ती करणाऱ्याचा फोन लागण्यापूर्वी जे काही केले जाते, त्यास देखभाल म्हणण्याचा प्रघात असून, त्यात यंत्रावर चापटी मारणे, प्लग काढून पुन्हा लावणे आणि यंत्राला शेवटी कोणी हात लावला होता याची चौकशी करणे या तीन प्रमुख क्रियांचा समावेश होतो. नूतनीकरण, म्हणजे जुने यंत्र काढून अधिक चांगले बसवणे, हे या चौकशीतून काहीच निष्पन्न न झाल्यावर उचलले जाणारे पाऊल होय.

कालक्रमाने पाहता पहिला मान तांब्याच्या बंबाकडे जातो. मध्यभागी उभी नळी, तीत गोवऱ्या, ढलप्या आणि नारळाच्या करवंट्या, भोवती पाणी, खाली राख पडण्यासाठी जाळी आणि पुढे पितळी तोटी, अशी त्याची रचना असे. आणि जाळ पाण्याच्या मधोमध असल्याने उष्णतेला पाण्यात जाण्यावाचून फारसा मार्ग उरत नसे, हे लक्षात घेता ही रचना आजही आदरास पात्र ठरते. नळीतील काजळी खरवडणे, राख काढणे आणि चिंच-मीठ लावून बाहेरचे अंग घासणे ही त्याची निगा होती, आणि तिचा कंटाळा हेच गीझरच्या प्रसाराचे एक महत्त्वाचे कारण होते. तोच बंब आता शहरातील सदनिकेच्या दिवाणखान्यात, दिव्याच्या झोताखाली उभा असलेला आढळतो. त्यात पाणी नसते, जाळ नसतो, परंतु कामावर असताना कधी नव्हता इतका तो आता चकचकीत असतो. ज्या यंत्राचा उपयोग संपला आहे त्याचीच निगा सर्वाधिक मनोभावे राखली जाते, असा पहिला नियम यावरून मांडता येतो.

गीझरच्या बाबतीत हा नियम उलट दिशेने सिद्ध होतो, कारण तो दररोज वापरला जात असल्याने त्याच्याकडे कोणीही पाहत नाही. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार पाणी तापवणाऱ्या विद्युत्-कांडीवर साचत जातात, कांडीची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचण्यास विलंब लागतो आणि पूर्वी दहा मिनिटांत तापणाऱ्या पाण्याला वीस मिनिटे लागू लागतात. यावर कुटुंबाने शोधलेला उपाय म्हणजे बटण दहा मिनिटे आधी दाबणे. टाकीच्या आत मॅग्नेशियमची आणखी एक कांडी असते, जिला अॅनोड म्हणतात. पाण्यामुळे होणारी गंजण्याची क्रिया ती स्वतःवर ओढवून घेते आणि स्वतः झिजून टाकीचे पोलाद वाचवते. तिचे अस्तित्व घरातील कोणासही ठाऊक नसते. ती पूर्ण झिजून संपली आणि टाकी गळू लागली की मगच तिचे महत्त्व उमगते, आणि या बाबतीत गीझर घरातील थोरल्या सुनेच्या वाट्याला आलेली परंपरा चोख पाळतो. गॅसवर चालणाऱ्या गीझरविषयी मात्र गंभीरपणेच बोलले पाहिजे: बंद न्हाणीघरात त्याच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा रंग व गंध नसलेला विषारी वायू साचू शकतो आणि तो जिवावर बेततो, म्हणून असा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा लागतो.

खरी समृद्ध परंपरा मात्र कूलरची आहे आणि तिचे माहेर विदर्भ हे आहे. कूलरचे तत्त्व बाष्पनशीतन हे होय, म्हणजे पाण्याची वाफ होताना त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून शोषली जाते आणि हवा गार होते. एक लिटर पाण्याची अशी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबात दोन-तृतीयांश युनिट इतकी उष्णता नाहीशी होते; पंखा आणि पाणी फिरवणारा छोटा पंप यांना मिळून लागणारी वीज त्या मानाने नगण्य असते. परंतु हवेत आधीच किती ओलावा आहे, ज्यास सापेक्ष आर्द्रता म्हणतात, त्यावर सारे यश अवलंबून असते. मे महिन्यातील नागपूरची कोरडी, तापलेली हवा मिळेल तेवढे पाणी अधाशीपणे पिते, म्हणून तेथे कूलर खोलीत स्वर्ग उतरवतो. मुंबईची हवा मात्र अरबी समुद्रावरूनच तृप्त होऊन आलेली असल्याने तिला आणखी पाण्याची गोडी नसते. नागपुराहून बदली होऊन मुंबईस येणारा गृहस्थ तरीही ट्रकमध्ये कूलर भरून आणतो, आठवडाभर चादरी दमट करतो आणि दोष मुंबईच्या विजेला देतो, ही घटना पिढ्यान्‌पिढ्या घडत आली आहे.

विदर्भात उन्हाळ्याचा आरंभ पंचांगापेक्षा कूलर खाली उतरवण्यावरून अधिक खात्रीने ओळखता येतो. होळी उलटली की गच्चीवर किंवा माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला पत्र्याचा देह चार माणसांच्या मदतीने खाली आणला जातो. मागील वर्षीच्या ताट्यांवर क्षारांचे पांढरे पुट चढलेले असते, पंप जाम झालेला असतो, तळाच्या पत्र्याला गंजाने भोक पडलेले असते आणि आत कबुतराने, क्वचित उंदराने, मधल्या काळात संसार थाटलेला असतो. या दृश्यासमोर उभे राहून कुटुंबप्रमुख ‘मागच्या वर्षी तर चांगला चालत होता’ असे म्हणतात. हे विधान खरे असते; परंतु मागील जूनमध्ये टाकी रिकामी करून, पुसून, ताट्या काढून ठेवल्या असत्या तर ते या वर्षीही खरे ठरले असते, हे घरातील जी व्यक्ती त्यांना सांगू शकते ती अनुभवाने गप्प राहते. त्यानंतर भोकावर एम-सील, एम-सीलवर डांबर आणि डांबरावर आशा, असे तीन थर दिले जातात.

ताट्यांच्या निवडीबाबत दोन संप्रदाय आढळतात. वाळ्याच्या, म्हणजे खसाच्या मुळांच्या, ताट्या ओल्या झाल्या की हवेस सुगंध येतो आणि त्यांचा पुरस्कार करणारे त्या सुगंधाचा उल्लेख गारव्याच्या आधी करतात. लाकडाच्या बारीक तंतूंचे जे भरण कूलरचे गवत म्हणून ओळखले जाते, ते स्वस्त असल्यामुळे त्याचे पुरस्कर्ते सुगंधाचा विषय टाळतात. अलीकडे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या छिद्रांचे, जाड कागदी थरांचे हनीकोंब पॅड आले असून, ते अधिक काळ टिकतात, कमी गळतात आणि चांगले भिजतात. त्यांची किंमत ऐकल्यावर दोन्ही संप्रदाय एकत्र येतात आणि पुन्हा गवत घेऊन घरी जातात.

कूलर चालू असताना खोलीची एक खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे लागते, कारण ओलसर झालेली हवा बाहेर गेल्याशिवाय कोरडी हवा आत येऊ शकत नाही. हा नियम सर्वांना सांगितला जातो आणि ‘गार हवा बाहेर जाते’ या कारणाने सर्वांकडून मोडला जातो. त्याहून गंभीर बाब डासांची आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस जातीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून पूर्ण डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळण्याचे आवाहन करतो. त्या दिवशी टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, तर तिच्या कडा घासाव्या लागतात, कारण चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. महापालिकेचे कर्मचारी तपासणीस आले की मात्र ‘कालच धुतला’ असे उत्तर घराघरांतून एकाच सुरात मिळते. पाणी भरताना कूलरचा प्लग काढणे आणि त्याचे अर्थिंग नीट असणे याबाबत तर कोणतीही सबब चालू नये, कारण पाणी, पत्रा आणि वीज यांच्या एकत्र येण्यात गमतीचा अंश मुळीच नाही.

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यापासूनच्या नऊ दिवसांना, म्हणजे साधारण २५ मेपासून पुढे, विदर्भात नवतपा म्हणतात आणि या काळात कूलरची खरी परीक्षा होते. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तेव्हा देशभर खळबळ उडाली. त्या केंद्रातील संवेदक, म्हणजे तापमान टिपणारा भाग, बिघडला असल्याचे हवामान खात्याने पुढे स्पष्ट केले. या प्रसंगातून निघणारा निष्कर्ष असा की उष्णता मोजणाऱ्या यंत्रालाही देखभाल लागते. आणि दुसरा असा की ५६ हा आकडा खोटा आहे यावर विश्वास ठेवणे नागपूरकरांना तो खरा मानण्यापेक्षा अधिक जड गेले.

कूलरकडून एसीकडे होणारे स्थित्यंतर हे तापमानावर अवलंबून असते, असा समज आहे; निरीक्षणास तो टिकत नाही. पंचेचाळीस अंशांत वीस वर्षे कूलरवर काढणारे कुटुंब ज्या वर्षी मुलीचे लग्न होते त्या वर्षी एसी घेते, आणि त्यातही अधिक महिना ऐन उन्हाळ्यात येऊन जावयास धोंड्याच्या जेवणासाठी बोलवायचे असेल, तर निर्णय एका संध्याकाळीत होतो. खरेदी साडेतीन मुहूर्तांपैकी गुढीपाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला केली जाते. मागणी शिगेला पोहोचण्याचा आणि बसवून देणाऱ्याला वेळ नसण्याचा काळ नेमका हाच असतो. त्याच साडेतीनांतील दसरा आणि बलिप्रतिपदा हे मुहूर्त तेवढेच शुभ असून तेव्हा भावही नरम असतात, परंतु घाम न येता एसी घेण्याची कल्पना कोणत्याही सुज्ञ गृहस्थास उधळपट्टी वाटते.

वास्तविक एसी मनुष्याच्या सुखासाठी जन्मलाच नव्हता. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या तरुण अमेरिकी अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी हवेतील ओलावा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली, कारण दमट हवेत कागद फुगे आणि एकावर एक छापायचे रंग जागच्या जागी बसत नसत. एसीच्या क्षमतेचे माप टन हे आहे, आणि ते वजनाचे माप आहे अशी ठाम समजूत असलेला ग्राहक दीड टनाचा एसी दोन माणसांनी उचलून तिसऱ्या मजल्यावर नेलेला पाहून फसवणुकीचा संशय घेतो. यांत्रिक शीतकरण येण्यापूर्वी गारवा बर्फाने मिळत असे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी त्याच वेगाने खोलीबाहेर टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन. दीड टनाचा एसी घेणारा मनुष्य दररोज सव्वातेराशे किलोहून अधिक बर्फाची सोय करून ठेवतो आणि मग वीजबिलाच्या भीतीने त्यातील वाटीभर वापरतो.

त्यानंतर ताऱ्यांचा प्रश्न येतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००६ मध्ये ही श्रेणीपद्धती सुरू केली. वर्षभरात यंत्राने बाहेर टाकलेल्या उष्णतेला त्याने वापरलेल्या विजेने भागून येणाऱ्या आकड्यावर तारे ठरतात आणि त्यासाठी वर्षाला १,६०० तास वापर गृहीत धरलेला आहे. केवळ पाहुणे आल्यावर, तेही त्यांनी दोनदा घाम पुसल्यानंतर, सुरू होणाऱ्या एसीची कल्पना हे गणित मांडणाऱ्यांना आलेली दिसत नाही. निकष वेळोवेळी कडक होत असल्याने जुलै २०२२ मध्ये पूर्वीचे पंचतारांकित एसी एका रात्रीत चार तारे झाले. भिंतीवरच्या यंत्रात काडीचाही फरक पडला नव्हता, तरी शेजाऱ्याने पुढच्या वर्षी घेतलेल्या पाच ताऱ्यांपुढे त्याची हवा अनेकांना कोमट भासू लागली.

इन्व्हर्टर एसीविषयीही स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण वीज गेल्यावर तो चालेल या अपेक्षेने घेणारे आजही आढळतात. साध्या एसीतील कॉम्प्रेसर, म्हणजे वायू दाबून फिरवणारा मुख्य भाग, एकाच वेगाने चालतो आणि खोली गार झाली की बंद होतो. इन्व्हर्टर एसीत तोच आपला वेग गरजेनुसार कमी-अधिक करतो व वीज वाचवतो. म्हणून साध्या एसीत १६ हा आकडा लावल्याने खोली लवकर गार होत नाही, आणि इन्व्हर्टर एसीत तो लावल्याने यंत्र ते तापमान कधीच न गाठता रात्रभर धावत राहते. १ जानेवारी २०२० पासून विकल्या जाणाऱ्या एसीत सुरुवातीचे तापमान २४ अंश असावे असा नियम झाला आणि एका अंशाने तापमान वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्यूरो सांगतो. घराघरांत मात्र तापमान नियमाने ठरत नाही: वडील झोपण्यापूर्वी २७ लावतात, मुलगा बारा वाजता १८ करतो, आई तीन वाजता यंत्र बंद करून पंखा लावते आणि सकाळी प्रत्येकजण रात्री नीट झोप लागल्याचे सांगतो. या सत्तास्पर्धेचे केंद्र असलेला रिमोट मात्र खरेदीच्या दिवशी घातलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतच असतो, आणि संपूर्ण यंत्रणेत नियमित निगा लाभणारी तेवढी एकच वस्तू असते.

ज्याची निगा खरोखर राखायची तो फिल्टर, म्हणजे हवेतील धूळ अडवणारी जाळी, आतल्या यंत्राच्या झाकणामागे असतो. ती साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायची असते आणि वापराच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा हे करणे पुरेसे असते. जाळी धुळीने भरली की हवेचा प्रवाह आटतो, आतल्या थंड नळ्यांवर बर्फ धरू लागतो, गारवा कमी होतो आणि बिल वाढते. या वेळी दुरुस्ती करणाऱ्यास पाचारण केले जाते आणि तो यंत्राकडे एक दृष्टिक्षेप टाकून ‘गॅस संपलाय’ असे निदान करतो. एसीतील वायू बंद नळ्यांतून फिरत राहतो, तो पेट्रोलप्रमाणे जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर नळी कोठेतरी गळते आहे आणि गळती शोधून बुजवल्याशिवाय पुन्हा वायू भरणे म्हणजे पुढील उन्हाळ्याचे आमंत्रण आताच देऊन ठेवणे होय. ‘गळती कुठे आहे?’ हा एकच प्रश्न शांतपणे विचारल्यास निदान बहुतेक वेळा सौम्य होऊन ‘जेट सर्व्हिस करून बघू’ येथवर येते. मग यंत्राखाली प्लास्टिकची मोठी झोळी बांधून दाबाच्या पाण्याने नळ्या धुतल्या जातात, झोळीत काळे पाणी उतरते, ते पाहण्यास सारे कुटुंब जमते आणि ‘एवढी घाण होती!’ असा उद्गार निघतो. त्या उद्गारात अपराधाची भावना नसते; घाण शेजाऱ्याची असल्यासारखा तो निखळ कुतूहलाचा असतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इतिवृत्तांत एसीचे स्थान वेगळे आहे, कारण हवेतील ओलावा थंड नळ्यांवर द्रवून होणारे पाणी ज्या नळीने बाहेर पडते, ती नळी तुंबली तर पाणी आपल्या भिंतीवर आणि मोकळी असली तर खालच्या मजल्यावरील वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. किनारपट्टीवर आणखी एक शत्रू असतो तो खारा वारा. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत बाहेरच्या यंत्राच्या नळ्या व पातळ पत्रे तो लवकर खातो, म्हणून तेथे बाहेरचा भाग गोड्या पाण्याने धुण्याची गरज अधिक असते. तो भाग खिडकीबाहेर लोंबत्या चौकटीवर असल्याने ते काम स्वतः न करता जाणकाराकडूनच करून घ्यावे.

यंत्र खरोखर बदलावे केव्हा, याचे निकष त्या मानाने सोपे आहेत. जुन्या एसीतील आर-२२ हा वायू ओझोनच्या थरास घातक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने हद्दपार होत आहे, आणि नव्या यंत्रांतील आर-३२ हा वायू ओझोनला निरुपद्रवी परंतु किंचित ज्वलनशील व अधिक दाबाचा असल्याने तो जुन्या यंत्रात भरता येत नाही. तेव्हा यंत्र दहा-बारा वर्षांचे, वायू जुना आणि कॉम्प्रेसर निकामी, असा त्रिवेणी योग जुळला तर दुरुस्तीचा हट्ट सोडावा. हा योग नसताना केवळ गारवा कमी झाला म्हणून घेतलेले नवे यंत्र म्हणजे न धुतलेल्या जाळीची हप्त्याहप्त्याने चुकवलेली किंमत असते. ते यंत्रही दोन वर्षांत त्याच धुळीने भरते आणि तेव्हा कंपनी पूर्वीसारखी राहिली नाही असा निष्कर्ष काढला जातो.

म्हणून ज्या वाचकास या उन्हाळ्यात आपला एसी थकल्यासारखा वाटत असेल, त्याने दुकानाकडे निघण्यापूर्वी खुर्चीवर चढून झाकण उघडावे, जाळी काढावी आणि नळाखाली धरावी. या कामास पंधरा मिनिटे आणि अर्धी बादली पाणी लागते. त्यानंतरही खोली गार झाली नाही तर दुकान रात्री नऊपर्यंत उघडे असतेच.